फेफरे आणि कॅल्शियम : काय खरे, काय खोटे

घरात कुणाला फेफरे येऊ लागले की सल्ला देणाऱ्यांची उणीव भासत नाही. या सल्ल्यांत कॅल्शियमचा उल्लेख हमखास असतो, आणि तोही दोन अगदी उलट तऱ्हांनी. एकजण सांगतो, ‘‘अंगात कॅल्शियम कमी पडले म्हणून आकडी येते. दूध वाढवा, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करा.’’ दुसऱ्याने सी.टी. स्कॅनचा रिपोर्ट वाचलेला असतो. त्यात ‘कॅल्सिफाइड’ हा शब्द पाहून तो सांगतो, ‘‘मेंदूत कॅल्शियम साचले आहे. दूध ताबडतोब बंद करा.’’ पहिला सल्ला ऐकून काहीजण फेफऱ्याची गोळी सोडतात व नुसत्या कॅल्शियमवर राहतात. दुसरा सल्ला ऐकून वाढत्या वयाच्या मुलाचे दूध आणि नाचणी बंद होते. दोन्हीकडे नुकसान रुग्णाचेच.

कॅल्शियम आणि फेफरे यांचा संबंध मात्र खरोखरच आहे, आणि तो फार जवळचा आहे. फक्त तो पेल्यातल्या दुधापेक्षा मेंदूच्या एकेका पेशीच्या दाराशी अधिक आहे. तो संबंध काय, हे आज समजावून घेऊ. तो एकदा कळला, की कुणाला कॅल्शियम द्यायचे, कुणाला त्याचा उपयोग नाही आणि फिट लांबली तर घाई का करायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

मेंदूतील निरोपांची देवघेव

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. या पेशी एकमेकींना अखंड निरोप पाठवत असतात. पेशीच्या आत हा निरोप विजेच्या लहरीच्या रूपाने धावतो. पण एका पेशीचे टोक दुसरीला चिकटलेले नसते. मध्ये अतिशय बारीक फट असते आणि वीज ही फट बहुधा ओलांडू शकत नाही. तेथे निरोप रसायनाच्या हाती द्यावा लागतो. पहिल्या पेशीच्या टोकाशी रसायनाच्या सूक्ष्म पिशव्या भरून ठेवलेल्या असतात. विजेची लहर टोकाशी पोचली की पिशव्या फुटतात, रसायन फटीत सांडते आणि पुढच्या पेशीला निरोप मिळतो.

यातील काही रसायने पुढच्या पेशीला उत्तेजित करतात. त्यात ग्लुटामेट प्रमुख. काही रसायने पुढच्या पेशीला शांत करतात; त्यात ‘गाबा’ प्रमुख. गाडीला जसा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, तशी ही जोडी आहे. दोन्हींचा मेळ असेल तोवर मेंदूचे काम सुरळीत चालते. हा मेळ बिघडला, की हजारो पेशी एकाच वेळी, एकाच तालात, नको तेव्हा उत्तेजित होतात. यालाच आपण फेफरे, मिरगी, आकडी किंवा फिट म्हणतो. वारंवार फेफरे येण्याच्या प्रवृत्तीला वैद्यकात अपस्मार म्हणतात. हा मेंदूचा विकार आहे. तो वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि स्पर्शाने पसरणारा रोगही नव्हे.

आता प्रश्न असा, की विजेची लहर आली हे त्या पिशव्यांना कळते कसे? हा निरोप्या म्हणजेच कॅल्शियम.

धरण भरलेले, पाट कोरडा

आपल्या शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात, पेशींभोवतीच्या द्रवात आणि मांसल भागांत असतो. मेंदूचा व्यवहार या लहानशा हिश्श्यावर चालतो.

चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियम भरपूर असते आणि आत जवळजवळ नसतेच. बाहेरचे प्रमाण आतल्याच्या सुमारे दहा हजार पट असते. धरण काठोकाठ भरलेले आणि दाराखालचा पाट कोरडा ठणठणीत, असे समजा. पेशीच्या आवरणात कॅल्शियमसाठी खास दारे असतात. डॉक्टरी भाषेत त्यांना कॅल्शियम चॅनेल म्हणतात. एरवी ही दारे बंद असतात. विजेची लहर आली की ती क्षणभर उघडतात, कॅल्शियम वेगाने आत घुसते आणि पिशव्या फुटतात. लगेच दारे बंद होतात आणि आत आलेले कॅल्शियम बाहेर फेकण्यासाठी पेशीचे पंप सुरू होतात. हे सारे सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात उरकते. निरोपाचे रसायन सुटण्यासाठी कॅल्शियम लागते, हे बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. रसायन साठवणे व सोडणे या विषयावरील कामासाठी कॅट्झ यांना १९७० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

कॅल्शियमचे हे महत्त्व प्रथम लक्षात आले ते हृदयाच्या बाबतीत, आणि तेही योगायोगाने. सिडनी रिंगर हे लंडनचे डॉक्टर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करीत होते. हृदय बराच वेळ छान धडधडत होते. पुढे समजले की हे द्रावण शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी साध्या नळाच्या पाण्यात बनवले होते. शुद्ध पाणी वापरताच धडधड मंदावून थांबू लागली. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम हीच ती किमया होती. १८८३ साली रिंगर यांनी हे प्रसिद्ध केले. दवाखान्यात सलाईनची जी बाटली ‘आर.एल.’ म्हणून लावतात, त्यातला ‘आर’ म्हणजे हेच रिंगर.

वर्गात ‘हरवणारी’ मुले

कॅल्शियमची दारे एकाच प्रकारची नसतात. त्यांतील एका प्रकाराला ‘टी’ चॅनेल म्हणतात. एका विशिष्ट जातीच्या फेफऱ्याशी त्याचा थेट संबंध आहे.

सहा-सात वर्षांची मुलगी वर्गात बोलता बोलता थांबते. दहा-पंधरा सेकंद टक लावून शून्यात पाहते, पापण्या किंचित फडफडतात. मग काहीच घडले नाही अशा थाटात ती पुढे लिहू लागते. मध्ये काय झाले हे तिला आठवत नाही. असे दिवसातून कितीतरी वेळा होते. ती पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही. त्यामुळे याला आजार मानायला कोणी तयार नसते. ‘लक्ष नाही’, ‘स्वप्नाळू आहे’ म्हणून ती बोलणी खाते आणि अभ्यासात मागे पडत जाते. याला ॲबसन्स फेफरे म्हणतात. पूर्वी ‘पेटिट माल’ म्हणत.

मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग आहे. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारे बहुतेक निरोप या जंक्शनवरून मेंदूच्या वरच्या थराकडे जातात. थॅलॅमसच्या पेशींवर टी चॅनेल पुष्कळ असतात. ही दारे थोड्याशा विजेनेही उघडतात आणि उघडली की पेशी एकामागून एक झटपट लहरी सोडते. झोपेत थॅलॅमस असाच ठेक्यात काम करतो व बाहेरचे निरोप अडवून धरतो. ते योग्यच आहे. ॲबसन्स फेफऱ्यात मात्र जागेपणीच असा ठेका सुरू होतो. जंक्शनवरचे सिग्नल काही सेकंद एकाच तालात उघडझाप करू लागतात आणि मूल तेवढ्यापुरते ‘हरवते’. ई.ई.जी. म्हणजे मेंदूच्या आलेखात याची ठळक खूण दिसते : सेकंदाला साधारण तीन या गतीने येणारी टोकदार लाट. तपासताना डॉक्टर मुलाला तीन मिनिटे जोरजोराने श्वास घ्यायला किंवा भिरभिऱ्यावर फुंकर मारायला सांगतात, ते याचसाठी. अशा श्वासाने हे फेफरे बहुधा समोरच येते आणि निदान पक्के होते.

इथोसक्सिमाइड हे औषध या फेफऱ्यावर बरीच वर्षे वापरात होते, पण ते का लागू पडते हे स्पष्ट नव्हते. ते थॅलॅमसच्या पेशींतील टी चॅनेल आवरते, हे १९८९ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत इथोसक्सिमाइड व व्हॅल्प्रोएट ही दोन्ही औषधे लॅमोट्रिजिनपेक्षा सरस ठरली आणि मुलांच्या एकाग्रतेवर इथोसक्सिमाइडचा दुष्परिणाम व्हॅल्प्रोएटपेक्षा कमी आढळला. औषध कोणते हे अर्थात तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवावे. शिक्षकांना व पालकांना एवढेच सांगणे, की मूल वारंवार असे हरवत असेल तर त्याला रागावण्याआधी तपासून घ्यावे.

सगळीच फेफऱ्याची औषधे कॅल्शियमच्या दारावर काम करीत नाहीत. फेनिटॉइन व कार्बामॅझेपिन मुख्यतः सोडियमची दारे आवरतात. क्लोबाझामसारखी औषधे ‘गाबा’चा ब्रेक घट्ट करतात. लेव्हेटिरासेटाम रसायनाच्या पिशव्यांवरील एका प्रथिनाला जाऊन चिकटते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला लागू पडेलच असे नाही. उलट कार्बामॅझेपिनसारख्या औषधाने ॲबसन्स फेफरे वाढूही शकते.

फिट लांबली तर घाई का?

बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पण फिट लांबत गेली, तर हाच निरोप्या पेशीचा वैरी बनतो. ग्लुटामेटचा मारा सतत चालू राहिल्याने पेशीची आणखी काही दारे उघडी राहतात आणि कॅल्शियम आत येतच राहते. ते बाहेर फेकणाऱ्या पंपांना शक्ती लागते. ती शक्ती फिट चालू असताना वेगाने खर्च होत असते. पंप थकतात, पाट तुंबतो. आत साचलेल्या कॅल्शियममुळे पेशीचीच प्रथिने आणि आवरण तोडणारी द्रव्ये जागी होतात, पेशीतील शक्तिकेंद्रे बिघडतात आणि पेशी मरतात.

म्हणूनच झटक्यांची फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर ती तातडीची बाब समजावी, असे आज जगभरचे तज्ज्ञ मानतात. अशी फिट अर्ध्या तासावर गेली तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे लक्षात घेऊन घड्याळ पहिल्या मिनिटापासून पाहावे. ज्यांना फिट लांबण्याची खोड आहे त्यांनी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरी ठेवावा का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे आणि तो कसा वापरायचा हे शिकून घ्यावे.

रक्तातील कॅल्शियम कमी झाले तर

आता ‘कॅल्शियम कमी पडले म्हणून आकडी’ या समजुतीकडे येऊ. ही समजूत काही थोड्या रुग्णांच्या बाबतीत पूर्ण खरी आहे.

वाचकांना येथे शंका येईल. कॅल्शियम आत शिरल्याने पेशी उत्तेजित होते, तर ते कमी झाल्यावर ती शांत व्हायला हवी; फिट कशी येते? याचे उत्तर असे, की कॅल्शियम दोन कामे करते. पेशीच्या आत ते निरोप्या आहे, तर बाहेर ते राखणदार आहे. बाहेरचे कॅल्शियम पेशीच्या आवरणाशी राहून सोडियमच्या दारांना सहजासहजी उघडू देत नाही. रक्तातील कॅल्शियम फार उतरले की राखण ढिली पडते आणि क्षुल्लक कारणानेही दारे उघडू लागतात. आधी ओठांभोवती व बोटांना मुंग्या येतात, हातापायांत पेटके येतात, बोटे वळून ताठ होतात आणि शेवटी फिटही येते. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण मोठ्या माणसात १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते.

हे कुणाला होते? पहिला गट तान्ह्या बाळांचा. आईलाच ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर बाळाच्या वाट्यालाही ते कमी येते. आईच्या दुधाऐवजी गाई-म्हशीचे दूध दिल्यास त्यातील जास्तीच्या फॉस्फरसमुळे नवजात बाळाचे कॅल्शियम उतरू शकते. बाळाची फिट मोठ्यांसारखी नसते. सतत ओठ चाळवणे, सायकल मारल्यासारखे पाय हलवणे, डोळे एका बाजूला खिळणे, श्वास थांबणे अशा रूपातही ती येते. दुसरा गट मुडदूस झालेल्या मुलांचा. तिसरा गट थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा. थायरॉइडला लागून चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात व रक्तातील कॅल्शियम त्या सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना इजा झाली किंवा अन्य कारणाने त्या मंदावल्या तर कॅल्शियम घसरते. मूत्रपिंडाचा जुना आजार आणि मॅग्नेशियमची कमतरता ही आणखी दोन कारणे. ॲसिडिटीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यानेही मॅग्नेशियम उतरू शकते.

अशा रुग्णांना फेफऱ्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी पुरता गुण येत नाही. त्यांना इस्पितळात, हृदयावर लक्ष ठेवून, शिरेतून सावकाश कॅल्शियम द्यावे लागते आणि मूळ कारण दूर करावे लागते. म्हणून पहिल्यांदाच फिट आलेल्या रुग्णाच्या रक्तातील साखर, सोडियम आणि कॅल्शियम तपासून घेणे शहाणपणाचे. तपासणी साधी आहे, पण तिने उपचाराची दिशाच बदलू शकते.

अपस्माराच्या बहुसंख्य रुग्णांचे रक्तातील कॅल्शियम मात्र अगदी ठीक असते. बिघाड असतो तो दारांत किंवा दारे सांभाळणाऱ्या यंत्रणेत. तेथे कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन फिट थांबत नाही. घाटातल्या गाडीचा ब्रेक बिघडला असताना टाकी भरून काय उपयोग?

स्कॅनमधील पांढरा ठिपका

आता दुसरी समजूत. आपल्या देशात फेफऱ्याचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूतील जंताची गाठ. डुकरातील पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यावर, कच्च्या भाजीपाल्यावर येतात व पोटात जातात. त्यामुळे शुद्ध शाकाहारी माणसालाही हा रोग होतो. अळी मेंदूत जाऊन बसते, काही काळाने मरते आणि तेथे सूज येते. काही गाठी विरून जातात. काहींवर शरीर कॅल्शियमचा लेप चढवते. हाच स्कॅनमध्ये दिसणारा पांढरा ठिपका होय. क्षयाच्या गाठीचाही असा ठिपका उरू शकतो.

हा ठिपका दुधामुळे झालेला नाही आणि दूध सोडल्याने जाणार नाही. फिट येते ती ठिपक्याभोवतालच्या दुखावलेल्या पेशींमुळे. तिला उपाय म्हणजे फेफऱ्याच्या गोळ्या नेमाने घेणे. नव्या गाठी होऊ नयेत म्हणून शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, कोशिंबिरीच्या भाज्या वाहत्या पाण्याखाली स्वच्छ धुवाव्यात आणि संडासाचा वापर करावा.

गोळ्या आणि हाडे

उलट फेफऱ्याच्या रुग्णाने आहारातील कॅल्शियमकडे जास्तच लक्ष द्यायला हवे. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास यकृतात ‘ड’ जीवनसत्त्वाचा नाश लवकर होतो. त्यामुळे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि हाडे ठिसूळ होतात. त्यात फिटमध्ये पडणे आलेच. घरात बसून राहणाऱ्या स्त्रिया व वृद्ध यांना हा धोका अधिक.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. दूध, दही, ताक, नाचणीची भाकरी, तीळ, राजगिरा, काट्यांसह खाल्ली जाणारी छोटी मासळी हे सारे आपल्या स्वयंपाकघरातलेच पदार्थ आहेत. अंगाला रोज ऊन लागू द्यावे. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या लागतील का, हे डॉक्टर सांगतील. कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची गोळी फेनिटॉइनबरोबर घेतल्यास फेनिटॉइन कमी शोषले जाऊ शकते. दोन्हींमध्ये दोन तासांचे अंतर ठेवावे.

रक्तदाबासाठी ॲमलोडिपिन घेणाऱ्यांना डॉक्टर सांगतात की ही ‘कॅल्शियम चॅनेल’ची गोळी आहे. ती वेगळ्या प्रकारची, मुख्यतः रक्तवाहिन्यांतील दारे आवरते. फेफऱ्यावर तिचा उपयोग नाही. डिल्टियाझेम व व्हेरापामिल या हृदयाच्या गोळ्यांनी रक्तातील कार्बामॅझेपिन वाढून चक्कर, झापड, तोल जाणे असे त्रास होऊ शकतात. म्हणून प्रत्येक डॉक्टरला आपल्या सर्व गोळ्या दाखवाव्यात.

फिट आल्यास काय करावे?

१) रुग्णाला कुशीवर वळवा, मानेभोवतीचे कपडे सैल करा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. जवळचे टोकदार सामान, विस्तव, पाणी दूर करा.

२) तोंडात चमचा, बोट, कापड घालू नका. दात उचकटू नका. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी किंवा औषध पाजू नका.

३) कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. फिट आपोआप थांबायच्या सुमारासच चप्पल मिळालेली असते, इतकेच.

४) घड्याळ पाहा. झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, शुद्ध येण्यापूर्वी पुन्हा फिट आली, पोटुशी बाई असेल, पाण्यात फिट आली असेल किंवा ही आयुष्यातील पहिलीच फिट असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

५) गोळ्या एकाएकी बंद करू नका. फिट थांबून साधारण दोन वर्षे झाल्यावर डॉक्टर विचार करतात आणि गोळ्या हळूहळू उतरवतात.

६) मूल होण्याच्या वयाच्या स्त्रियांनी व मुलींनी गोळी कोणती आहे हे डॉक्टरांशी बोलून घ्यावे. व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करू शकते. पण स्वतःच्या मनाने ते थांबवणेही तितकेच धोक्याचे.

योग्य औषधे नियमित घेतल्यास सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एके काळी हिंदू विवाह कायद्यातही अपस्माराला अडसर मानले होते. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख काढला गेला. कायद्याने जे मान्य केले ते सोयरीक जुळवताना आपणही मान्य करायला हरकत नाही. घरात फेफऱ्याचा रुग्ण असेल तर त्याची गोळी वेळेवर द्या, त्याच्या पेल्यातले दूध तोडू नका आणि फिट आली तर घड्याळाकडे पाहायला विसरू नका.